उशिरा कळलेलं नाव

१९९४ च्या सप्टेंबरात आम्ही सुरत सोडली, तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात टेट्रासायक्लिनच्या सहा कॅप्सूल होत्या. उधन्यातल्या एका दुकानासमोर दोन तास रांगेत उभं राहून आबांनी त्या आणल्या होत्या. सुरत–भुसावळ पॅसेंजरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लूमवर काम करणारी सगळी खानदेशी मंडळी, कोणी दोंडाईचाची, कोणी अमळनेरची, कोणी नंदुरबारकडची, तोंडाला रुमाल बांधून गावाकडे निघालेली. डब्यात कोणी खोकलं की आजूबाजूची माणसं अंग चोरायची, पण सरकायला जागाच नसायची. मी नववीत होतो. आईने सांगितलं होतं, सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, विसरायचं नाही.

महिन्याभराने आम्ही परत आलो. पुढे मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलो, बरीच वर्षं शिकवलं, आणि सुट्टीत घरी आलो की आबा कधी ना कधी विचारायचे, “प्लेगच व्हता का रे तो?” त्यांचा स्वतःचा कौल ठरलेला होता: नव्हता. डबाच्या डबा माणसं कोंबून आम्ही गावाला गेलो, गावात एकालाही काही झालं नाही. त्यांच्या आजीच्या तोंडून त्यांनी खरा प्लेग ऐकला होता. आधी उंदीर पडायचे, मग गाव उठायचं, लोक शेतात झोपड्या घालून महिने काढायचे आणि परतल्यावर काही घरांची कुलपं उघडायला कोणी उरलेलं नसायचं. असा प्लेग सुरतेहून गाडीत बसून आला असता तर खानदेश शिल्लक राहिला असता का?

हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. नेमक्या याच मुद्द्यावर त्या वर्षी देशातल्या जाणत्या डॉक्टरांमध्ये आणि शास्त्रज्ञांमध्ये वाद झाला, आणि तो बरीच वर्षं पुरता मिटला नाही. जीनोम सिक्वेन्सिंगवर मराठीत पुस्तक लिहायचं ठरवलं तेव्हा कुठून सुरुवात करावी याचा मी फार विचार केला नाही. आबांच्या प्रश्नापासून केली.

त्या दिवसांत काय घडलं ते थोडक्यात सांगतो. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, आणि लोकांनी सोडलेल्या घरांतल्या धान्यावर उंदीर वाढले असावेत, असं पुढे मानलं गेलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागल्याची, मग माणसांच्या काखेत आणि जांघेत गाठी येऊ लागल्याची खबर आली. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तापीचं पाणी सुरतेच्या सखल वस्त्यांत शिरून ओसरलं. १८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकांना गर्दी झाली. त्यानंतर दोन-तीन दिवसांत वेड रोड आणि कतारगामच्या बाजूने तरुण, धडधाकट माणसं तापाने आणि रक्ताच्या बेडक्याने सिव्हिल हॉस्पिटलात येऊ लागली आणि काही तर दाखल झाल्यावर दिवसभरही टिकली नाहीत. बातमी फुटली आणि शहर रिकामं होऊ लागलं. चार-पाच दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. विमानं थांबली, आखाती देशांनी भारताशी येणं-जाणं बंद केलं, जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक हिरोशी नाकाजिमा स्वतः भारतात आले. अधिकृत नोंदीत देशभर ८७६ संभाव्य रुग्ण आणि ५४ मृत्यू आहेत. मृत्यू बहुतेक सगळे सुरतेतले.

आता त्या वॉर्डातल्या डॉक्टरच्या जागी उभं राहून पाहा. भारतात माणसाला झालेल्या प्लेगची याआधीची शेवटची पक्की नोंद १९६६ ची, कर्नाटकातली. म्हणजे अठ्ठावीस वर्षांत एका अख्ख्या पिढीने हा आजार फक्त पाठ्यपुस्तकात पाहिलेला. समोर न्यूमोनियाचा रुग्ण, बाहेर पुराचा चिखल. दक्षिण गुजरातेत दर पावसाळ्यात भाताच्या आणि उसाच्या शेतात राबणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होतो आणि त्यातही फुफ्फुसातून रक्त येऊ शकतं, त्यामुळे ती शंका आधी येणार. पुढे मेलिऑइडोसिस, हंटाव्हायरस अशी नावंही निघाली. थुंकीच्या स्लाइडवर दोन्ही टोकं गडद आणि मधला भाग फिकट असे, सेफ्टी पिनेसारखे जीवाणू दिसले की प्लेगचा संशय घ्यायचा, हे खरं. पण तसे दिसणारे दुसरेही जीवाणू आहेत. तरीही डॉक्टरांनी प्लेग गृहीत धरून उपचार सुरू केले, आणि माझ्या मते त्या आठवड्यातला तोच सर्वांत शहाणा निर्णय होता. फुफ्फुसाच्या प्लेगात पहिल्या चोवीस तासांत औषध पडलं नाही तर माणूस सहसा वाचत नाही. नावाची खात्री होईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं.

पण रुग्णांना वाचवणारा हाच निर्णय पुढे पुराव्याच्या आड आला. प्लेगचा जीवाणू, यर्सिनिया पेस्टिस, सावकाश वाढतो. प्लेटवर त्याच्या वसाहती नीट दिसायला अठ्ठेचाळीस तास लागतात. त्याला मानवतं २८ अंश सेल्सिअस. आपल्या प्रयोगशाळांतले इनक्युबेटर माणसाच्या अंगाच्या उष्णतेवर, ३७ वर, लावलेले असतात. थुंकीत तोंडातले इतर जीवाणू भरपूर, ते झपाट्याने वाढून प्लेट व्यापून टाकतात. आणि तो नमुना ज्याच्याकडून घेतला त्याने बहुधा आदल्या रात्रीच माझ्यासारखी टेट्रासायक्लिन घेतलेली. शहरभर माणसं गोळ्या गिळत होती. त्या गोळ्यांनी साथ दाबली असेल, आमचा डबा सुखरूप पोचला त्यामागेही त्यांचा वाटा असेल, पण त्याच गोळ्यांनी प्लेटही कोऱ्या ठेवल्या. ज्यांना प्लेग मान्य नव्हता ते म्हणत, जीवाणू दाखवा. ज्यांना मान्य होता ते म्हणत, अँटिबॉडी आहेत, लक्षणं आहेत, बीडमध्ये उंदीर पडलेत. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

केंद्र सरकारने प्राध्यापक व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १९९५ मध्ये प्लेगच्या बाजूने निष्कर्ष दिला. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट ही, की बीड आणि सुरतेत थोडे का होईना, जिवंत जीवाणू हाती लागले होते आणि ते जपून ठेवले गेले. त्यांच्यावर ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने आणि दिल्लीच्या एम्सने काम केलं. दोन्हीकडचे निबंध १९९६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आले. मग २००० साली हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायॉलॉजीतल्या शिवाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जीवाणूंच्या १६एस जनुकाचा क्रम वाचला, डीएनएचे ठसे जुळवले आणि सांगितलं: यर्सिनिया पेस्टिस. आम्ही पॅसेंजरमध्ये बसल्याला तोवर सहा वर्षं होत आली होती.

त्या ‘क्रम वाचला’ या दोन शब्दांपाशी मी वाचकाला थोडा वेळ थांबवणार आहे.

प्रत्येक जीवाणूच्या पेशीत प्रथिनं तयार करणारी रायबोसोम नावाची यंत्रणा असते आणि तिच्या एका भागाची कृती १६एस या जनुकात लिहिलेली असते. सुमारे दीड हजार अक्षरांचं हे जनुक. यंत्रणा इतकी मूलभूत, की तिच्यात फारसा फेरफार खपत नाही. म्हणून सगळ्या जीवाणूंमध्ये हे जनुक ओळखीचं राहतं, तरी प्रत्येक कुळात थोडं वेगळं असतं. कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये याच रेणूच्या आधारे सजीवांच्या वंशवृक्षात एक आख्खी नवी फांदी दाखवली. डॉक्टरला याचा उपयोग सरळ आहे: अनोळखी जीवाणू मिळाला की त्याचं १६एस वाचायचं आणि कोणत्या घराण्यातला आहे ते पाहायचं. आडनावावरून गाव ओळखण्यासारखं आहे ते. पण एका आडनावाची घरं शेजारीशेजारी असली तर पंचाईत होते, आणि प्लेगच्या बाबतीत तीच झालेली आहे. यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस नावाचा एक भाऊबंद आहे. त्याने पोटदुखी, जुलाब, ताप असे तुलनेने साधे आजार होतात. त्याचं आणि प्लेगच्या जीवाणूचं १६एस जवळजवळ तंतोतंत सारखं आहे. नुसत्या त्या एका जनुकावर विसंबलं तर माणसाला दोन दिवसांत मारणारा कोण आणि पोट बिघडवणारा कोण, हे ठामपणे सांगता येत नाही. म्हणूनच या सगळ्या अभ्यासांत ठसे जुळवणं, प्लेगच्याच जीवाणूत आढळणारी पीएलए आणि एफ-१ ही जनुकं शोधणं, अशी जोडीची कामं करावी लागली. एका जनुकाऐवजी पूर्ण जीनोम का वाचायचा, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि पूर्ण जीनोम वाचणं १९९४ मध्ये शक्यच नव्हतं. स्वतंत्रपणे जगणाऱ्या कोणत्याही जीवाचा संपूर्ण जीनोम तोवर कोणी वाचलेला नव्हता. पहिला वाचला गेला हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, १९९५ मध्ये, अमेरिकेत, सुमारे अठरा लाख तीस हजार अक्षरं. क्षयाच्या जीवाणूचा १९९८ मध्ये झाला. प्लेगचा २००१ मध्ये, ब्रिटनच्या सँगर संस्थेच्या पुढाकाराने: मुख्य गुणसूत्राची साडेशेहेचाळीस लाख अक्षरं आणि तीन प्लाझ्मिड, म्हणजे वेगळी छोटी डीएनए-कडी. सुरतेच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८९४ च्या जूनमध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिनने गाठीतला पू सूक्ष्मदर्शकाखाली धरून हा जीवाणू पहिल्यांदा ओळखला होता. दोनच वर्षांत तो जहाजांतून मुंबईत उतरला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत हाफकिनने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली. त्याच साथीत पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. आपल्या भागाचा आणि या जीवाणूचा संबंध इतका जुना आणि इतका दुखरा आहे, तरी तो जीवाणू आतून कसा आहे हे कळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

त्या वाचनात जे निघालं ते मला आजही थक्क करतं. आपली साधी समजूत अशी, की साधा जीवाणू घातक होतो म्हणजे त्याला काहीतरी नवीन मिळालं असेल. प्लेगला मिळालं आहेच. एका प्लाझ्मिडवर वायएमटी नावाचं जनुक आहे, त्याच्यामुळे तो पिसवेच्या पोटात तग धरतो. पीएलएमुळे त्याला शरीरात पसरता येतं. पण त्याच्या बरोबरीने त्याने बरंच गमावलंही आहे. सुमारे दीडशे जनुकं बिघडलेली, निकामी सापडली. आतड्यात राहायला उपयोगी पडणारी कितीतरी कामं तो विसरून गेला आहे, कारण त्याचं घर बदललं: माती-पाणी आणि आतडं सोडून तो पिसू आणि रक्तात राहायला आला. काही जनुकं निकामी झाली तेव्हाच पिसवेशी त्याचं जमलं, असं आता दिसतं. हा बदल किती अलीकडचा, याचा माग युरोप-आशियातल्या पुरलेल्या माणसांच्या दातांतून काढलेल्या डीएनएने दिला. पाच हजार वर्षांपूर्वीच्या काही दातांत प्लेगचा जीवाणू आहे, पण त्याच्यात वायएमटी नाही. म्हणजे तेव्हा त्याला पिसू साधली नव्हती. पुढे कधीतरी साधली. वैद्यकाच्या कोणत्याही जुन्या साधनाला हे सांगता आलं नसतं.

नावाच्या पलीकडे जीनोम आणखी एक गोष्ट सांगतो, नातं. दोन रुग्णांतल्या जीवाणूंच्या लाखो अक्षरांत दोन-चारच फरक असले तर ते अलीकडेच एका ठिकाणाहून निघाले, शंभर असले तर त्यांची वाट केव्हाच वेगळी झाली. हैतीत २०१० मध्ये भूकंपानंतर कॉलरा आला. त्या देशात तो कोणाच्याही आठवणीत नव्हता. जीनोम पडताळले तेव्हा तो नेपाळमधल्या जीवाणूंशी अगदी जवळून जुळला, आणि नदीकाठच्या संयुक्त राष्ट्रांच्या नेपाळी शांतिसैनिकांच्या तळाबद्दल लोक जे बोलत होते त्याला आधार मिळाला. रुग्णालयांत तर याचा उपयोग रोजचा आहे. एकाच वॉर्डात तीन बाळांना एकच संसर्ग झाला, तर तो एकमेकांकडून गेला की प्रत्येकाने बाहेरून आणला? पूर्वी अंदाज बांधायचो, आता पाहता येतं. क्षयात तर औषधं ठरवायला जीनोम वाचता येतो. मुंबईत २०११ च्या अखेरीस डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी जवळपास कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण जाहीर केले. अशा रुग्णाचं कल्चर आणि औषधचाचणी यांत कित्येक आठवडे जातात. जीवाणूच्या जीनोममध्ये कोणती अक्षरं बदललेली आहेत हे आधीच कळलं, तर तेवढे आठवडे निरुपयोगी इंजेक्शनांत जात नाहीत. यावर पुस्तकात दोन मोठी प्रकरणं आहेत, म्हणून इथे आवरतो.

जर्मनीतल्या २०११ च्या साथीवर मात्र इथेच बोलायला हवं. ई. कोलायच्या एका भयानक वाणाने पन्नासच्या आसपास माणसं गेली. आधी स्पेनच्या काकड्यांवर ठपका आला, तिथल्या शेतकऱ्यांचा माल रस्त्यावर गेला. जीनोम काही दिवसांत वाचून झाला आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी तो मिळून उलगडला. हा जीवाणू दोन वेगळ्या वाणांचे गुण एकत्र आल्याने इतका घातक झालाय, हे त्यातून कळलं. पण तो आला कुठून, हे जीनोमने नाही सांगितलं. ते सांगितलं आजारी माणसांना “काय खाल्लं होतंत?” असं पुन्हा पुन्हा विचारणाऱ्यांनी. उत्तर निघालं मेथीचे मोड. यंत्राला तो प्रश्न विचारता येत नाही.

कोविडने ‘सिक्वेन्सिंग’ हा शब्द आपल्या घराघरांत आणला. २०२० च्या डिसेंबरात केंद्राने दहा प्रयोगशाळांचा इन्साकॉग हा गट उभा केला. २४ मार्च २०२१ ला आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं, की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल असलेले विषाणू डिसेंबरपेक्षा वाढले आहेत. पुढे ज्याला डेल्टा म्हटलं, त्याच घराण्याची ही चाहूल होती. वाचन अचूक होतं. आणि एप्रिलमध्ये आपण काय पाहिलं ते मी सांगायला नको. मी त्या महिन्यात दोन जवळची माणसं गमावली. तेव्हापासून विद्यार्थ्यांना सांगत आलोय, की जीनोम वाचला आणि काम झालं असं कधीही समजू नका. नमुना घेतला तो दिवस, वाचन झालं तो दिवस, आणि त्यावरून कोणीतरी काही केलं तो दिवस, या तीन तारखा शेजारीशेजारी लिहा आणि मधलं अंतर मोजा.

मादागास्करमध्ये २०१७ साली फुफ्फुसाच्या प्लेगची मोठी साथ आली. संशयित रुग्ण २,४०० हून अधिक, मृत्यू दोनशेंच्या वर. हातात मावणारं सिक्वेन्सिंगचं यंत्र तोवर बाजारात आलेलं होतं, प्लेगचा जीनोम सोळा वर्षांपासून सगळ्यांना खुला होता. तरीसुद्धा खात्रीने प्लेग सिद्ध झाले ते त्या अडीच हजारांतले थोडेच. कारणं तुमच्या ओळखीची आहेत: थुंकीचा नमुना नीट मिळत नाही, औषध आधी पडलेलं असतं, नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत निकामी होतो. सुरतेनंतर तेवीस वर्षांनी, दुसऱ्या खंडावर, तीच अडचण.

म्हणून हे पुस्तक मी यंत्रापासून सुरू केलेलं नाही. ते ज्यांच्यासाठी लिहिलं ती माणसं तालुक्याच्या रुग्णालयात, डीएमएलटी करून लागलेल्या लॅबमध्ये, रात्रपाळीच्या वॉर्डात आहेत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना सिक्वेन्सरसमोर बसायची वेळ येणार नाही. पण तो सिक्वेन्सर पुण्यात असो की गांधीनगरात, त्याच्यात जे जाईल ते त्यांच्याच हातून जाणार आहे. भाषेचंही तसंच ठरवलं. जीनोमला मी जीनोमच म्हटलंय, कल्चरला कल्चर. ‘जनुकीय क्रमनिर्धारण’ हा शब्द बरोबर आहे, पण लॅबमध्ये तो कोणी उच्चारत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी ‘वाचन’ असं साधं लिहिलं.

आबांना मी उत्तर दिलं ते २००० सालच्या त्या निबंधाची प्रत हातात घेऊन. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून वाचून दाखवत अर्थ सांगितला. ते म्हणाले, “मग आपला डबा कसा वाचला?” मी गोळ्यांचं सांगितलं. शिवाय फुफ्फुसाचा प्लेग पसरतो तो बहुतेक आजाऱ्याच्या अगदी जवळ राहून त्याची शुश्रूषा करणाऱ्यांत, आणि ज्यांना तो झाला होता ती माणसं आमच्या गाडीत चढण्याच्या अवस्थेतच नव्हती, हेही सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, वेड रोडला त्यांच्या खात्यातला एक जोडीदार राहायचा. दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही. घरी काही कागद आला नव्हता. त्याचं नाव त्यांनी त्याआधी माझ्यासमोर कधी काढलं नव्हतं.

त्या जोडीदाराची थुंकी कोणी घेतली होती का, घेतली असेल तर तिचं काय झालं, हे मला कधीच कळणार नाही. बीड आणि सुरतेच्या जपून ठेवलेल्या नळ्यांतली एखादी त्याची असूही शकेल. त्या नळ्यांवर आकडे आहेत, नावं नाहीत आणि नसायलाच हवीत. पण कोणीतरी त्या गर्दीत, स्वतः घाबरलेला असताना, एका धाप लागलेल्या माणसासमोर डबी धरली, झाकण घट्ट लावलं, चिठ्ठी चिकटवली आणि ती पुढे पाठवली, म्हणून सहा वर्षांनी वाचायला काहीतरी उरलं.

पहिल्या प्रकरणाच्या शेवटी नमुन्यासोबत पाठवायच्या अर्जाचा एक नमुना छापला आहे. त्यात वय, गाव, कामाचं ठिकाण, ताप आल्याची तारीख असे नेहमीचे रकाने आहेत. सातवा रकाना लोक सहसा कोरा सोडतात: ‘नमुना घेण्यापूर्वी अँटिबायोटिक दिलं का? कोणतं, कधी?’ तो भरायचा कसा, आणि रुग्णाला ते नीट विचारायचं कसं, तिथून आपण सुरुवात करू.